पुढची दोन चाकं

"मागची दोन बदललीत, उस्ताद. पुढची आहेत तशी चालतील ना? एवढंच सांगा."

उस्ताद चहा गाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"उस्ताद..."

"ऐकतोय की."

विचारणारा सौमित्र दाबके, पुण्याचा. गाड्यांच्या शर्यतीत चौदा ढाली मिळवलेला. त्याची ती ठेंगणी, लाल गाडी दुकानासमोर बर्फात उभी होती आणि अख्खं गाव येता-जाता तिला बघून घेत होतं. गाडीजवळ त्याची धाकटी बहीण नीरजा उभी होती. शर्यतीत ती त्याच्या डाव्या हाताला बसते आणि मांडीवरच्या वहीतून पुढचं वळण वाचून दाखवते. सहा वर्षं हेच चाललं होतं.

गावावरच्या खिंडीपलीकडे एक तळं आहे. थंडीत ते गाडी पेलण्याइतकं जाड गोठतं आणि त्यावर शर्यत होते. शर्यत परवा होती. म्हणजे उद्या सकाळी खिंड ओलांडायला हवी, आणि नीरजा बरोबर असणार हे तर ठरलेलंच.

मी तेव्हा त्या गावात बर्फ मोजायच्या नोकरीवर होतो. रोज सकाळी पट्टी रोवायची आणि किती बोटं पडलं ते वर कळवायचं. बाकीचा दिवस मोकळा, म्हणून मी उस्तादांच्या दुकानात शेगडीपाशी पडीक असायचो.

उस्ताद म्हणजे इलाही मुलाणी, मूळचे जत तालुक्यातले. लष्कराचे ट्रक हाकता हाकता डोंगरात आले आणि इथेच राहिले. दुकान पंक्चरचं. पण थंडीत त्यांना विचारल्याशिवाय खिंडीत कुणी जात नसे. ते हातातल्या टॉमीने, म्हणजे चाकं खोलायच्या लोखंडी दांडीने, चारही टायर ठोकायचे, कान देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "जा." किंवा काहीच न म्हणता आत निघून जायचे. मग तो ड्रायव्हर मुकाट्याने गावात मुक्काम करायचा. वरच्या नाक्यावरचा माणूसही आधी एवढंच विचारायचा, की उस्तादांनी ठोकलं का?

असा कुठलाही कायदा नव्हता. पण मी तिथे होतो तोवर तो कुणी मोडल्याचं ऐकलं नाही.

"मागचीच का बदललीस?" उस्तादांनी चहा त्याच्यापुढे सरकवला.

"इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते, उस्ताद. बर्फात फिरली तर तीच फिरणार. म्हणून तिथे थंडीचे मऊ टायर घातले. पुढचे रेसचे आहेत. ते काढले तर स्टीअरिंग सुस्त पडतं. वळणाला अर्धा सेकंद जातो."

"अर्धा सेकंद."

"शर्यतीत तो फार असतो."

"व्हय, असंल." उस्तादांनी बशीत चहा ओतला. "गाडी पळती किती?"

सौमित्रचा चेहरा उजळला. हा प्रश्न त्याच्या आवडीचा होता. "शून्यापासून शंभर... चार सेकंदांत!"

"आन् शंभरापास्नं शून्य?"

"कोरड्या रस्त्यावर..."

"बर्फावर."

सौमित्रने चहाचा कप नुसताच फिरवला. मग म्हणाला, "मोजलं नाही."

उस्ताद उठले. आम्ही सगळे त्यांच्यामागून बाहेर गेलो. हवा इतकी गार होती की नाकातले केस ताठ झाले. समोरचे डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत पांढरे होते आणि कुठेही कसलाही आवाज नव्हता. मी ते रोज पाहत होतो, तरी रोज थांबून पाहायचो.

उस्तादांनी सौमित्रचा हात धरून त्याचं नख मागच्या टायरवर टेकवलं. नख रुतलं. मग पुढच्या टायरवर टेकवलं.

नख रुतेना. रबर दगडासारखं झालं होतं.

"माहीत आहे मला," सौमित्र म्हणाला. "थंडीत हे रबर कडक होतं. पण थोडं पळवलं की गरम होतं. मी सांभाळून घेतो."

उस्तादांनी जॅक लावून पुढचं चाक उचललं. शेगडीतली काजळी फडक्याने टायरला फासली, खाली जुना कागद ठेवला, चाक त्यावर टेकवलं आणि परत उचललं. कागदावर काळा ठसा उमटला. वीतभर रुंद आणि जेमतेम चार बोटं लांब, इतकाच.

नीरजा कागदापाशी उकिडवी बसली. हातमोजे काढून तिने दोन्ही तळहात त्या ठशावर शेजारी शेजारी ठेवले. ठसा पुरता झाकला गेला.

"एवढंच टेकतं?" ती म्हणाली. "दादा, अख्खी गाडी अशा चार ठशांवर उभी असते?"

मीही वाकून पाहिलं. दीड टनाचं ते धूड, त्यातली दोन माणसं, दरीच्या काठचं वळण, आणि सगळं मिळून जमिनीशी नातं एवढंसं. खरं सांगतो, मला त्या क्षणी रस्त्यावरून धावणाऱ्या प्रत्येक गाडीचं आश्चर्य वाटलं. माणसं घरी पोचतात तरी कशी!

"हे पुस्तकात असतं, नीरू," सौमित्र म्हणाला. "उस्ताद, मला हे सगळं पाठ आहे. तुम्ही फक्त सांगा, पुढची चालतील की नाही?"

उस्तादांनी टॉमी अंगावरच्या घोंगडीत खोचली.

मग ते दुकानासमोरच्या रस्त्याने खाली चालू लागले. तिथे थोडा उतार होता आणि रात्रीच्या गारठ्याने रस्ता काचेसारखा झालेला. उस्ताद पाऊल सपाट टाकत गेले. चाळीसेक पावलांवर थांबले. अंगावरची घोंगडी सारखी केली आणि गाडीकडे पाठ करून भर रस्त्यात मांडी घालून बसले.

"ये रं," ते तिकडूनच म्हणाले. "माज्यापातूर ये आन् थांबीव."

"उस्ताद, हे काय भलतंच?"

"तुजं टायर चालत्यात का न्हाय, इचारलंस न्हवं? ये की मग."

सौमित्र हसला. माझ्याकडे पाहून हसला, पण मी काही हसलो नाही. नीरजाही नाही.

तो गाडीत बसला. नीरजा सवयीने डावीकडचं दार उघडून त्याच्या शेजारी बसली. इंजिन सुरू झालं आणि त्या गुरगुरीने छपरावरचा बर्फ खाली घसरला. उस्तादांची पाठ हलली नाही.

गाडी हातभर पुढे आली.

थांबली.

काचेतून मला सौमित्रचा चेहरा दिसत होता. तो त्या पाठीकडे पाहत होता. घोंगडीतली म्हाताऱ्याची पाठ, वर लोकरीची टोपी, टोपीखाली पिकलेले केस. पाठ वळून बघत नव्हती. तिला पुढची चाकं, मागची चाकं यांतलं काहीच दिसत नव्हतं.

इंजिन बंद झालं.

तो उतरला आणि कुणाशी न बोलता डिकी उघडली. थंडीचे टायर चारच्या चार आणलेले होते, दोन तसेच पडून होते. त्याने जॅक लावला आणि बोल्ट ढिले करू लागला. मी मदतीला गेलो तर मानेनेच नको म्हणाला. नीरजा उतरून बोल्ट हातात धरून उभी राहिली. त्याची बोटं थंडीने वळत नव्हती. पाना दोनदा निसटला आणि त्याच्या बोटाचं पेर फुटलं.

बर्फ भुरभुरू लागला.

"उस्ताद, उठा!" मी ओरडलो. "आजारी पडाल!"

उस्तादांनी ऐकलं नसावं किंवा ऐकूनही मनावर घेतलं नसावं. त्यांच्या खांद्यावर बर्फ साचत गेला. मोजायचं माझं काम, पण त्या दिवशी मी मोजलं नाही. दोन बोटं तरी होता. पाऊण तास तो माणूस तिथे तसाच बसून होता, आणि मला वाटू लागलं की समोरचे डोंगर आणि तो एकाच वेळी इथे आले असावेत.

दोन्ही चाकं बदलून झाली. सौमित्र गाडीत बसला, नीरजा शेजारी बसली. या वेळी इंजिनाचा आवाज जवळजवळ आलाच नाही. गाडी माणसाच्या चालीने उतरू लागली आणि मी तिच्या मागोमाग चालत गेलो. मधेच एकदा त्याने ब्रेक लावून पाहिला. गाडी थबकली. पुन्हा निघाली. उस्तादांपासून दहा पावलांवर ती पूर्ण थांबली. सौमित्रची काच खाली आली.

"आनखी म्होरं," पाठ म्हणाली.

"नाही, उस्ताद."

"आता चारी चाकं बदललीस न्हवं? ये की."

"नाही... यापुढे नाही यायचं मला."

त्याचा आवाज चौदा ढालींच्या माणसाचा वाटत नव्हता.

उस्ताद गुडघ्यांवर हात टेकून उठले. खांद्यावरचा बर्फ झटकला नाही. टॉमी घोंगडीतच होती. गाडीभोवती फिरून त्यांनी पहिला टायर ठोकला आणि कान दिला. मग दुसरा. तिसरा. चौथ्यापाशी ते जरा जास्तच वाकून राहिले.

सौमित्रने काचेबाहेर मान काढली. तो वाट पाहत होता. एकच शब्द यायचा होता, आणि मला ठाऊक होतं की तो आला तर हा पोरगा उद्या खिंड ओलांडेल, आणि नाही आला तर ढालींचा विचारही न करता इथून मागे फिरेल.

उस्ताद मात्र त्याच्या बाजूला आले नाहीत. ते नीरजाच्या बाजूला गेले. तिच्या काचेवरचा बर्फ त्यांनी तळहाताने पुसला आणि आत पाहिलं. तिच्या मांडीवर वही उघडी होती. सहा वर्षांच्या सवयीने तिने त्या चाळीस पावलांचाही रस्ता वहीत लिहून घेतला होता.

नीरजाने काच खाली केली.

मग तिच्यावरून पलीकडे, सौमित्रकडे पाहून उस्तादांनी विचारलं,

"म्या म्होरं बसलो तवा चाकं बदललीस. हिचा तर तू भाऊ हायस... माजा कोण लागतोस रं?"