सहाव्या नखीचा धनी

“सहा! माझ्या ड्रॅगनला सहा नख्या पाहिजेत!” चीनच्या सम्राटाने सिंहासनावरून हुकूम सोडला.

झालं होतं असं, की शेजारच्या कुठल्याशा राजाने आपल्या महालावर पाच नख्यांचा ड्रॅगन कोरून घेतला होता. पाच नख्या म्हणजे खास सम्राटाचं चिन्ह! राजपुत्रांना चार, सरदारांना तीन. नख्या मोजाव्या आणि घराचा धनी ओळखावा, असा रिवाज. कुणीतरी बरोबरी केली म्हटल्यावर स्वारीचं पित्त खवळलं. महालात खांबांवर, छतांवर, पायऱ्यांवर मिळून बारा हजार ड्रॅगन. सगळ्यांना एकेक नखी वाढवायची, तीही चाळीस दिवसांत! नाहीतर मुख्य कारागिराचं मुंडकं उडणार.

“वा! काय ही दूरदृष्टी!” प्रधानजींनी री ओढली. या गृहस्थांना सम्राटाच्या शिंकेतही शहाणपण दिसायचं.

मुख्य कारागीर कोउ घरी येऊन मटकन बसला. “सुईलान, पोरी, दगडाला नखी चिकटवतात का गं? अख्खा पंजा नवा कोरायला हवा. चाळीस वर्षांतही व्हायचं नाही!”

सुईलानला भीतीपेक्षा संताप जास्त आला. पाच नख्यांनी असा काय उजेड पाडला होता, की आता सहावी हवी? तिने विचारलं, “बाबा, राज्याभिषेकाच्या वेळी पंजाचं माप कसं घेतलंत?”

“नेहमीसारखंच. महाराजांनी ओल्या मातीवर हात दाबला. त्या ठशावरून सिंहासनाचा पंजा कोरला, आणि त्यावरून बाकीचे.”

“मग सिंहासनापासूनच सुरुवात करू,” असं म्हणून तिने मातीचा गोळा उचलला आणि बाजाराची वाट धरली.

चौथ्या दिवशी सिंहासनाच्या हातावर सहा नख्यांचा लाकडी पंजा बसला. दरबार भरला. प्रधानजींनी तर बघायच्या आधीच “अप्रतिम!” म्हणून टाकलं.

सम्राटाने ऐटीत त्या पंजावर हात ठेवला. पाच बोटं पाच नख्यांवर. सहावी नखी उघडीच!

“हे माप माझ्या हाताचं नाही!” सम्राट गरजला.

“नाहीच, महाराज,” सुईलान म्हणाली. “आपल्याला बोटं पाच. सहाव्या नखीचं माप आणू कुठून? शहरभर फिरले तेव्हा सहा बोटांचा एकच माणूस सापडला.”

तिने एका माणसाला पुढे ढकललं. बदकं विकणारा बान! त्याने भीतभीत पंजावर हात ठेवला. सहाही बोटं चपखल बसली.

“नख्या मोजाव्या आणि धनी ओळखावा! महाराज, बारा हजार ड्रॅगन बदलले, की हा महाल कुणाचा?” सुईलानने विचारलं.

तेवढ्यात प्रधानजी, जन्माची सवय, बदकवाल्यापुढे कमरेत वाकले!

बानने डोकं खाजवलं. “महाल नको बाबा. इथे तळं आहे का?”

“आणि त्या राजाने माझी बरोबरी करत राहायची?” सम्राट अजून धुसफुसत होता.

“बरोबरी कसली? त्याने नक्कल केली ती सम्राटाची. आपण करताय ती बदकवाल्याची!” सुईलान म्हणाली.

सम्राटाने वाकलेल्या प्रधानजींकडे पाहिलं, बानकडे पाहिलं, आणि तो इतका हसला, की मुकुट कानावर आला.

हुकूम तिथल्या तिथे रद्द झाला. कोउचं मुंडकं जागच्या जागी राहिलं. सुईलानला सोन्याची छिन्नी आणि वडिलांच्या जोडीने मुख्य कारागिराचं पद मिळालं. बानला बदकांसाठी महालातलं तळं मिळालं. आणि ती बदकं राखायला प्रधानजी!