रेषेवर न बसलेले मासे

“म्हणजे यापुढे मासा तोलायची गरजच नाही ना, बाई?”

सुहृद खडकावरचे मासे मोजून, बोटीतून उतरून थेट तिरोडकर बाईंच्या पडवीत आला होता. लहानपणी बाईंनीच त्याला प्रवाळांतले मासे ओळखायला शिकवलं होतं. पुढचं शिक्षण ऑस्ट्रेलियात झालं. आता तो कायमचा परतला होता.

बाई विळीवर बसल्या होत्या. पुढ्यात एक ताजी तांबोशी मासळी.

“आधी श्वास घे.”

“लांबी दुप्पट झाली की वजन जवळजवळ आठपट! तिथल्या समुद्रात हेच, आपल्या प्रवाळाच्या खडकावरही हेच! बुडी मारायची, लांबी बघायची, वजन कळलंच. एकही जीव मारायला नको!”

त्यानं आलेख पसरला. बाईंनी चष्मा लावला.

“सगळे ठिपके रेषेवर? माझा वर्ग कधी इतका शहाणा नव्हता.”

“काही भरकटलेले होते. लांबीच्या मानानं फारच जड. तोलताना चुकलं असणार… काढून टाकले.”

“हं…”

“आत्ता सोसायटीत मच्छीमारांची बैठक आहे. लहान मासा सोडा, लांब मासा खुशाल धरा, असा नियम करून घेतो. खडक वाचेल, बाई! तुम्ही फक्त माझ्या बाजूनं बोला. तुमचं सगळे ऐकतात.”

बाईंनी तांबोशी त्याच्यापुढे सरकवली.

“हिचं वजन सांग.”

त्यानं पट्टी लावली, मनात हिशेब केला.

“नऊशे ग्रॅम!”

मग पिशवीतला वजनकाटा काढून मासा लटकवला. काटा किलोच्या पुढे गेला.

“बिघडलाय वाटतं.”

“बिचारा काटा.”

बाईंनी मासा विळीवर धरला, पोट उघडलं. आत केशरी गाबोळी गच्च भरली होती. ती उचलून त्यांनी सुहृदच्या तळहातावर ठेवली.

त्यानं गाबोळीवरून नजर आलेखाकडे नेली.

“अंडी… मी खोडलेले ते सगळे ठिपके…”



तो ताडकन उठला.

“बाई! म्हणजे या जड माद्या कुठल्या महिन्यात येतात ते कळलं, तर तेवढे दिवस जाळी बंद ठेवता येतील! आणि मी सांगायला निघालो होतो, लांब मासा खुशाल धरा… बापरे! आजच सांगतो त्यांना. हात धुऊन आलोच. तुम्ही याल ना?”

बाईंनी पायात चपला सरकवल्या.

“येते. गाबोळी तशीच घे. हात धुऊ नकोस.”