इस्त्रीबाईची वाकडी मूठ

सकाळपासून गोष्ट सांगा म्हणून डोकं खाल्लंत. आता सांगतो, पण मधे कुणी बोलायचं नाही.

फार मागे एका लाँड्रीत कोळशाच्या इस्त्रीचं राज्य होतं. सुरकुती दिसली की चटका, हा तिचा कायदा. हसलं की कापडाला सुरकुती पडते, म्हणून हसायलाही बंदी. एक पंचा चुकून हसला, तर तिने त्याला भोक पडेपर्यंत जाळला. तेव्हापासून सगळे कपडे श्वास रोखून ताठ पडलेले असत.

एक दिवस नवा परकर भीतीने थरथरला आणि चुरगळला. इस्त्री लाल होऊन त्याच्यावर धावली. शेजारच्या म्हाताऱ्या मांजरपाटाच्या बंडीला ते बघवेना. तो जळलेला पंचा तिच्याच गठ्ठ्यातला होता.

"इस्त्रीबाई," ती ओरडली, "आम्हाला सरळ करतेस, पण तुझी मूठच वाकडी आहे. ती कोण सरळ करणार गं?"

परकर फिसकन हसला. मग सदरे हसले, धोतरं हसली, सगळीकडे सुरकुत्याच सुरकुत्या. इस्त्री एकाला दाबायला गेली की मागे दहा हसत. धावून धावून तिच्या पोटातल्या कोळशाची राख झाली. शेवटी ती बंडीवर चढली.

"आता जाळते तुला!"

"जाळ की," बंडी म्हणाली, "पण आधी जरा पाठ शेक बाई, थंडी वाजतेय."

आता ती इस्त्री लाँड्रीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला टेकवून ठेवतात.

बाकी माझा लग्नातला सदरा जाळून वर "कापडच जुनं होतं" म्हणणाऱ्याने अजून माफी मागितलेली नाही. नाव सांगतो, रंगनाथ इस्त्रीवाला.