चांगुणाच्या तालावर

खूप जुनी गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी विसरू नये अशी.

समुद्राकाठी एक गाव होतं. गावाबाहेरच्या आश्रमात आजारी, अपंग, घरच्यांनी टाकून दिलेली माणसं राहत. एका वर्षी आश्रमातलं धान्य संपत आलं. त्या किनाऱ्यावर अशी रीत होती, की परोपकारासाठी कुणी अवघड पण केला आणि तडीस नेला, तर गावोगावचे लोक त्या कामाला धान्य देत. म्हणून चार कोळणींनी पण केला: शीड न लावता, नुसत्या वल्ह्यांवर दूरच्या बेटाला जाऊन परत यायचं.

चौघींत बायजा थोरली, चांगुणा धाकटी. लहानपणीच्या तापाने चांगुणाचा डावा हात लुळा पडला होता. त्या हाताचं मनगट वल्ह्याला बांधून ती वल्हवायची.

सराव सुरू झाला. चांगुणाच्या बाजूला जोर कमी पडे आणि होडी जागच्या जागी गरगर फिरे. किनाऱ्यावरचे लोक पोट धरून हसत.

गावचा नाखवा, म्हणजे साऱ्या होड्यांचा मुखिया, एक दिवस पाण्यापाशी आला. म्हणाला, "माझी नवी होडी घेऊन जा. फक्त हिला उतरवा. हिच्या जागी माझा पुतण्या बसेल."

चांगुणा मनगटाची गाठ सोडू लागली. बायजाने तिचा हात धरला.

"टाकलेल्या माणसांसाठी आम्ही निघालोय, नाखवा," ती म्हणाली. "आणि आमच्यातलीच एक टाकून जाऊ? तुमची होडी तुम्हांला लखलाभ."

नाखवा चिडला. त्या दिवसापासून चौघींना गावात कुणी सुतळीचा तुकडाही देईना. त्यांनी आपल्या जुन्या होडीच्या फटी स्वतःच बुजवल्या आणि सरावाची पद्धत बदलली. चांगुणाला झेपेल तेवढाच जोर तिघींनी लावायचा, तिच्याच तालावर. हातांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. लोकांचं हसणं थांबलं नाही, पण चौघींनी किनाऱ्याकडे बघणं सोडून दिलं. होडी मात्र आता सरळ जाऊ लागली.

मग त्या निघाल्या. बेट गाठलं. परतताना समुद्र खवळला. तिघींनी घाबरून जीव खाऊन वल्ही मारली आणि थोड्याच वेळात त्यांचे खांदे भरून आले. चांगुणाकडे उधळायला ताकद कधी नव्हतीच. तिचं वल्हं आपल्या चालीने पडत राहिलं. एकेक करून तिघी पुन्हा तिच्या तालात आल्या आणि होडी लाटांतून पार झाली.

किनाऱ्यावर सारा गाव जमला होता. नाखवा गुडघाभर पाण्यात उभा होता. चांगुणाने होडीचा दोर त्याच्याकडे फेकला.

"ओढा, नाखवा," ती म्हणाली. "दोन्ही हातांनी."

त्याने ओढला. गावोगावहून धान्य आलं, आश्रमाची कोठारं भरली. पहिलं पोतं नाखव्याने स्वतःच्या पाठीवरून नेलं.

तात्पर्य: दुबळ्याला मागे टाकून वेग मिळतो, पण पैलतीर मिळतं ते त्याला सोबत घेऊनच.