सरकणारे काठ

“…म्हणजे देवीच्या हातून आरसा निसटला, जमिनीला तडा गेला नि हे तळं झालं, हे तुम्ही अजून खरं धरता, मेमे?”

उत्तरेकडच्या त्या मुलखात म्हाताऱ्या लामांना मेमे म्हणतात. मेमे उन्हाला पाठ देऊन बसले होते. समोर गोठलेलं तळं, आणि लांब, पुसट, पलीकडचा काठ.

विचारणारा नोरबू, त्यांचा चेला. गेला उन्हाळाभर तो जमीन तपासणाऱ्या साहेबांबरोबर हिंडला होता. तेव्हापासून त्याची मान जरा ताठच होती.

“तुझे साहेब काय म्हणतात?”

नोरबूनं सगळं सांगितलं. एके काळी इथं तळं नव्हतंच. हा काठ नि तो काठ एकच जमीन होती. पोटातून ती दोन्हीकडं ओढली गेली, चिरली, मधला भाग खचत खचत खाली गेला. त्या खळग्यात बर्फाचं पाणी साठत राहिलं. लाखो वर्षं लागली म्हणे. म्हणून तर दोरी सोडली तरी तळ लागत नाही. आणि काठ अजून लांब चाललेत, वर्षाला नखभर.

“देवी सावकाश काम करते म्हणायची,” मेमे म्हणाले.

एरवी नोरबू हसला असता. आज हसला नाही.

सकाळीच बर्फावरून एक मेंढपाळ निरोप घेऊन आला होता. पलीकडच्या गावातून, नोरबूच्या थोरल्या भावाचा, पुंचोगचा. डोळे चाललेत. दिसतंय तोवर एकदा तुझं तोंड पाहू दे. बर्फ टिकेल चार दिवस, फार तर पाच. एकदा फुटला की उन्हाळ्यापर्यंत वाट नाही, आणि तोवर नजर राहील असं वैद्य म्हणत नव्हता.

मेमे जुनं काही काढून बसले. दोघं भाऊ पोरके होऊन याच बर्फावरून मठात कसे आले, एकच दोरी दोघांच्या कमरेला. दोन वाट्या पुढं ठेवल्या तरी चहा एकाच वाटीतून प्याले.

“तू झोपेतही त्याची बाही सोडत नव्हतास.”

नोरबूला पुंचोगचा श्वास आठवला. थंडीनं बोटं आखडली की भाऊ ती ओठांपाशी धरून फुंकत बसायचा. भाजलेल्या सातूचा वास यायचा त्या श्वासाला…

मग एका वसंतात पुंचोगनं मठाची वस्त्रं उतरवली, पलीकडच्या गावातली मुलगी केली नि तिकडचाच झाला. अकरा वर्षं झाली. नोरबूनं त्यानंतर बर्फावर पाऊल टाकलं नव्हतं.

मेमे उठून आत गेले. बऱ्याच वेळानं आपले नमद्याचे, दाबलेल्या लोकरीचे बूट घेऊन आले. आत सुकं गवत दाबून भरलेलं. त्यांनी ते नोरबूच्या पायांपाशी ठेवले.

नोरबूनं बुटांकडं पाहिलं. हात लावला नाही.

“सोडून तो गेला, मेमे. सांगितलंसुद्धा नाही.” “मी कुठं हललो? होतो तिथंच आहे.”

मेमे पलीकडं पाहत राहिले…

“त्या काठालाही असंच वाटतं.”