आडवे होऊन पाहायचे चित्र

एकदा एक रेशमाचा व्यापारी जपानातल्या एका वृद्ध चित्रकाराच्या दारी आला आणि पायातले काढण्याआधीच बोलू लागला. "गुरुजी, आईसाठी चित्र हवंय. सारस पक्षी, देवदाराचं झाड, मागे उगवता सूर्य. असं चित्र गावात दुसरं असता कामा नये."

त्या देशात रेशमावर काढलेले चित्र भिंतीतल्या एका राखीव कोनाड्यात टांगतात. त्याच्या तळाशी लाकडी दांडी असते. ऋतू पालटला की चित्र त्या दांडीवर गुंडाळून पेटीत जाते आणि नव्या ऋतूचे चित्र बाहेर निघते. कधी गवतात उभे हरिण, कधी बर्फाने वाकलेल्या फांदीवरची चिमणी, कधी पाण्यातला मासा. सारस मात्र कोणत्याही शुभप्रसंगी चालतो. तो हजार वर्षे जगतो अशी तिथली समजूत आहे. म्हणून वडीलधाऱ्यांना दीर्घायुष्य चिंतायचे असेल तर लोक सारसच टांगतात.

"आई कशा आहेत?" वृद्धाने विचारले.

व्यापाऱ्याची घाई तिथे अडखळली. थंडीत आई अंगणात पाय घसरून पडली होती आणि तेव्हापासून अंथरुणालाच खिळली होती. पण खरे दुखणे ते नव्हते. गेले दोन महिने ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. कुणाशी बोलत नव्हती, पेजेचे दोन घोट घेऊन वाडगा सारून देत होती. "वैद्यांनी हात टेकले, गुरुजी. म्हणतात, शरीर साथ देईल, पण यांना जगायचंच नाहीये. मन लागेल असं काहीतरी करा." एवढे बोलून तो खिडकीबाहेर पाहू लागला. आईविना घर ही कल्पना त्या धट्ट्याकट्ट्या माणसाला सोसत नव्हती.

वृद्धाने ते काम आपल्या शिष्याकडे दिले. शिष्य बारा वर्षे त्याच्याकडे शिकत होता, आणि स्वतःच्या हाताने संपूर्ण चित्र काढण्याची ही त्याची पहिलीच वेळ. त्याने जीव ओतला. सारसाचे एकेक पीस वेगळे दिसावे म्हणून मोजक्या केसांचा कुंचला वापरला. सारसाला रेशमाच्या सर्वांत वरच्या भागात घेतले, म्हणजे पक्षी खरोखरच आकाशात असल्यासारखा वाटावा. पूर्ण झाल्यावर प्रथेप्रमाणे गुडघे दुमडून चित्रासमोर बसला आणि नीट पारखून घेतले. कुठे नाव ठेवायला जागा नव्हती.

चित्र टांगायच्या दिवशी व्यापाऱ्याच्या घरी चार प्रतिष्ठित मंडळी जमली; वृद्ध आणि शिष्यही आले. आईचे अंथरूण कोनाड्यासमोरच, दोन हातांवर होते. चित्र उलगडताच 'वाहवा' झाली. सुनेने सासूबाईंना हळूच कुशीवर वळवले. म्हातारीने क्षणभर पाहिले, डोळे मिटले आणि पुन्हा पलीकडच्या भिंतीकडे वळली.

तेवढ्यात वृद्ध चित्रकार उठला, अंथरुणापाशी गेला, म्हातारीला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "आपली आज्ञा असेल तर जरा टेकतो." आणि आज्ञेची वाट न पाहता तो तिथेच चटईवर सरळ आडवा झाला! उशाला हात घेतला आणि कोनाड्याकडे पाहत राहिला. किती वेळ? चहा निवेपर्यंत. पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. व्यापाऱ्याला वाटले, गुरुजींना घेरी आली. शिष्याला तर धरणी पोटात घेईल तर बरे, असे झाले. मग वृद्ध उठला, कपडे झटकले आणि म्हणाला, "शेठ, चित्र उतरवा. दुसरं देतो."

घरी पोचल्यावर शिष्याला राहवले नाही. "गुरुजी, माझ्या सारसात काय खोट होती?"

"काहीच नाही. पंख तर माझ्यापेक्षा सरस." वृद्धाने सारसाचे चित्र त्या घरातल्यासारखेच, खिडकीच्या उजेडात, भिंतीवर टांगले. "आता त्यांच्या जागी नीज. मान उचलायची नाही. त्यांना उचलता येत नाही."

शिष्य चटईवर आडवा झाला. वरच्या भागातल्या रेशमावर खिडकीचा उजेड पडून नुसती चकाकी येत होती. सारस त्या चकाकीत बुडून गेला होता. डोळ्यांसमोर होते ते चित्राच्या तळाचे मोकळे रेशीम आणि लाकडी दांडी. बारा वर्षांत त्याने शेकडो चित्रे पाहिली होती, उभ्याने आणि बसून. निजून एकही पाहिले नव्हते. त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

"मी त्यांना कोरं कापड दाखवलं, गुरुजी."

"तू एकट्यानेच नाही. मुलाने हौस दाखवली, तू कसब दाखवलंस, मीही आधी तिथे जाऊन पाहिलं नाही. बाळा, आपण त्यांना हजार वर्षं देऊ केली; पण त्यांची आजची दुपार सरत नाहीये, हे कुणी विचारलं नाही. त्या घरात सगळे उभ्याने येतात, उभ्यानेच विचारपूस करतात आणि जातात. त्यांच्या उंचीवर येऊन बोलणारं कुणी उरलेलं नाही. आता असं काढ, की जे आपण होऊन त्यांच्यापर्यंत जाईल."

"काय काढू?"

"ते मला काय विचारतोस? त्यांच्या सुनेला विचार."

दुसऱ्या दिवशी शिष्याने तिला गाठले. ती आधी हसली, मग पदराआड तोंड लपवावे तशी बाही ओठांवर धरून म्हणाली, "सांगू का? आमच्या सासूबाईंचा जीव एका बेडकावर होता. अंगणात हात धुवायची दगडी डोणी आहे ना, तिच्याखाली राहतो. खडबडीत, थोराड. रोज संध्याकाळी डोणीत पाणी भरायला जायच्या आणि त्याच्याशी बोलत बसायच्या. आमच्या तक्रारीसुद्धा त्यालाच सांगत असतील! पडल्या त्यासुद्धा तिथेच. तेव्हापासून तिकडे कुणी फिरकत नाही."

शिष्य तीन संध्याकाळी त्या डोणीपाशी पालथा पडून राहिला. घरचे गडी हसले. पहिला बेडूक कागदावर उतरला तो उकडलेल्या बटाट्यासारखा. दुसरा नको तितका शहाणा दिसू लागला. शेवटी त्याने पातळ शाईत, मोजक्या फटकाऱ्यांत तो काढला. चित्राच्या अगदी तळाशी, दांडीच्या वीतभर वर, अळूसारखे एक रुंद पान. पानाखालून अर्धा बाहेर आलेला बेडूक, एक पाय पुढे टाकलेला, नजर समोर. बाकी सगळे रेशीम मोकळे. या वेळी त्याने चित्र निजून पारखले.

चित्र पाहून व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. "गुरुजी, माझ्या घरी, मानाच्या जागी, बेडूक? आल्यागेल्याने काय म्हणावं?"

"काही म्हणणार नाहीत," वृद्ध शांतपणे म्हणाला. "आलेगेले उभे असतील. त्यांना तो दिसायचाच नाही."

चित्र लागले. तो दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशीही म्हातारी भिंतीकडेच तोंड करून होती. शिष्याला अन्न गोड लागेना. तिसऱ्या दिवशी दुपारी तो आणि वृद्ध समाचाराला गेले, तेव्हा व्यापारी दुकानात निघण्यापूर्वी आईच्या दारात थबकला होता. "आई, जेवलीस का?" त्याने नेहमीसारखे विचारले. उत्तर आले नाही. पण आतून पुटपुटणे ऐकू येत होते. तो चमकला. दोन महिन्यांहून अधिक काळ त्याने तो आवाज ऐकला नव्हता.

तो आत गेला. आई कोनाड्याकडे वळलेली होती. "...पाणी तरी घालतात का रे तुला कुणी?" ती म्हणत होती.

"आई, कुणाशी बोलतेस?"

"हळू बोल. आत जाईल तो."

व्यापाऱ्याने पाहिले, तर पांढरे रेशीम आणि तळाशी काहीतरी करडे. तो वाकला. मग गुडघ्यांवर बसला. तरी आईला एवढे काय दिसते आहे, ते त्याच्या ध्यानात येईना. शेवटी तो भला मोठा माणूस, अंगावरच्या उंची वस्त्राची पर्वा न करता, आईशेजारी चटईवर आडवा झाला. डोके तिच्या उशीला टेकले. आणि मग पानाखालून बेडूक त्याच्याकडे पाहू लागला. इतका जवळ, की आता पुढचा पाय उचलेल.

कितीतरी वेळ मायलेक तसेच पडून होते. मग म्हातारीचा हात चाचपडत त्याच्या डोक्यावर आला आणि केसांतून फिरू लागला.

"तुला आज दुकान नाही का रे?"

"आहे," तो म्हणाला, आणि उठला नाही.

दारातून शिष्य पाहत होता. आत जावे, चित्र कसे वाटले ते विचारावे, असे त्याच्या ओठांवर आले होते. वृद्धाने त्याची बाही धरून त्याला हलकेच मागे ओढले. स्वयंपाकघरातून सून पेजेचा वाडगा घेऊन येत होती; तिला त्यांनी वाट दिली आणि पायांचा आवाज न करता ते दोघे बाहेर पडले.

वाचकहो, आजाऱ्याला भेटायला जाल तेव्हा दारातून चौकशी करून परतू नका. शक्य असेल तर घटकाभर त्याच्या उशीपाशी डोके टेकून पाहा.