तेलाची कणीक

श्रीविमलनाथ महाराज त्या वर्षी नदीकाठच्या खडकवेल गावी मुक्कामाला होते. मारुतीच्या देवळात रोज सकाळी त्यांचे भजन रंगे; पण गावचा मृदंग्या वारल्यापासून साथीला मृदंग नव्हता. ही उणीव सटवाजी कुंभाराच्या जिवाला फार लागली. पन्नाशी ओलांडलेला हा भोळा जीव. उभ्या जन्मात टाळसुद्धा धड वाजवला नव्हता. पण त्याने मनाशी धरले, आपण मृदंग शिकायचा आणि महाराजांच्या मागे उभे राहायचे!

पंचक्रोशीत शिकवणारे एकच, नरहरबुवा. विद्या मोठी, आणि ताठा तिच्याहून वीतभर उंच. ते हसून म्हणाले, "भाजलेलं मडकं पुन्हा चाकावर चढतं का रे, सटव्या? बरं, उद्या सकाळी देवळात ये."

बुवांकडची रीत कडक होती. मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावल्याशिवाय त्याचा आवाज खुलत नाही. ती कणीक नव्या शिष्याने स्वतः मळायची, स्वतः लावायची आणि पहिली थाप द्यायची. टिकली तर शिकवणी. पडली तर पुन्हा उंबरा चढायचा नाही.

सटवाजी पहाटेच न्हाला. हात तीनतीनदा धुतले, नखांतली माती काडीने काढली. बायको जाऊन सहा वर्षे झाली होती. ती कणीक कशी मळायची ते आठवून त्याने पिठात मीठ घातले आणि गुरूचे काम म्हणून तेलाचे मोहन जरा सढळच घातले. बिचाऱ्याला काय ठाऊक!

देवळात माणसे जमली होती. महाराज खांबाशी बसले होते. बुवांनी कणकेला बोट लावले आणि खो खो हसत सुटले. "अरे, ही तेलाची कणीक! पोळ्या लाटायला आलास काय? चामड्याला ही घटकाभर धरायची नाही."

"चुकलो जी," सटवाजी म्हणाला. "दुसरी मळून आणू का?"

"रीत म्हणजे रीत. लाव हीच!"

त्याने कणीक थापली. वाजवायला मृदंग आडवा होताच ती ओघळू लागली. कडेपर्यंत आली. लोक श्वास रोखून पाहू लागले. सटवाजीने केविलवाणे होऊन महाराजांकडे पाहिले.

महाराज म्हणाले, "चाकावर माती धरताना कुणाचं नाव घेतोस? तेच घे, आणि हात टाक."

"विठ्ठला!" म्हणत सटवाजीने डोळे मिटले आणि थाप दिली. धूम! गाभाऱ्यातली घंटा आपोआप किणकिणली. डोळे उघडून पाहतो तो कणीक जागच्या जागी, मधोमध!

बुवांचा चेहरा उतरला. त्यांनी मृदंग ओढून घेतला आणि ती पाडायच्या इरेलाच पेटले. जोरकस बोलांच्या परणांमागून परणा वाजवल्या, घामाने अंगरखा भिजला, बोटे सुजली. कणकेचा कणही हलला नाही. शेवटी त्यांनी तिला हात लावला. बोट तेलाने माखले होते! तेल होते, आणि तरी ती धरून होती.

बुवा धावत महाराजांच्या पायांवर कोसळले. "महाराज, माझी विद्या आज थिटी पडली!"

महाराजांनी पाय मागे घेतले. "इथे नको, बुवा. ज्यानं मळली त्याला नमस्कार करा."

बुवा वळले. साऱ्या गावादेखत त्यांनी कुंभाराच्या हातांवर कपाळ टेकले. सटवाजी "अहो बुवा, अहो बुवा" म्हणत मागे सरकू लागला, पण त्यांनी त्याचे हात सोडले नाहीत. तेच हात त्यांनी मृदंगावर ठेवले आणि म्हणाले, "हं, सटवाजीबुवा. म्हणा, धा."